झालिप्ये: काजळीवर फुलं काढणाऱ्या बायकांचं गाव



इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आठवतात, लढाया आठवतात, राजांची नावं आणि सनावळ्या आठवतात. शाळेत तेच पाठ केलेलं असतं. पण ज्या गावात किल्ला नाही, राजवाडा नाही, कुठली मोठी लढाई झाली नाही, त्या गावाला इतिहास नसतो का? आज मी तुम्हाला अशाच एका गावाची गोष्ट सांगणार आहे. गाव आपल्यापासून हजारो किलोमीटर लांब, युरोपातल्या पोलंड देशात आहे. लोकवस्ती सातशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी मोठी वाडी म्हणा ना. गावाचं नाव झालिप्ये.

नाव उच्चारायला जरा अवघड वाटेल, पण अर्थ सोपा आहे. पोलिश भाषेत 'झा' म्हणजे पलीकडे आणि 'लिपा' म्हणजे लिंडन नावाचं झाड. लिंडनच्या झाडांपलीकडचं ते झालिप्ये. आपल्याकडे कशी वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव अशी झाडांवरून नावं असतात, तसंच. या झाडाला उन्हाळ्यात बारीक, सुवासिक फुलं येतात. मधमाश्या त्यावर तुटून पडतात आणि घराघरांतल्या बायका ती फुलं वाळवून ठेवतात. सर्दी-तापात त्यांचा काढा देतात.

पोलंडशी आपली अगदीच ओळख नाही असं नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यात बहुतेक बायका आणि मुलंच होती. ही माणसं पोलंडच्या पूर्व भागातली. रशियनांनी त्यांना घरांतून उचलून सैबेरियात नेलं होतं. झालिप्ये मात्र देशाच्या दक्षिण भागात आहे. पोलंड केवढा, तर जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढा. क्षेत्रफळ थोडं जास्त, पण माणसं महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

आता गावाचा भूगोल पाहू. पोलंडची सगळ्यात मोठी नदी विस्वा. इंग्रजी पुस्तकांत तिला विश्चुला म्हणतात. दक्षिणेच्या डोंगरांत उगम पावून हजार किलोमीटरहून जास्त वाट चालून ती उत्तरेला बाल्टिक समुद्राला मिळते. तिला दक्षिणेकडून, तात्रा पर्वताकडून, दुनायेत्स नावाची नदी येऊन भेटते. या दोन नद्यांच्या संगमाजवळच्या सपाट प्रदेशाला पोविश्ले म्हणतात, म्हणजे विस्वाकाठचा मुलूख. झालिप्ये याच मुलखात आहे. जवळचं तालुक्यासारखं गाव दोंब्रोवा तार्नोव्स्का, दक्षिणेला मोठं शहर तार्नूव, आणि पश्चिमेला क्राकूव, जी एके काळी पोलंडची राजधानी होती.

जमीन सपाट आहे. कुठे नदीनं आणून टाकलेला सुपीक गाळ, तर कुठे नुसती वाळू. राय, गहू, बटाटा, कोबी ही पिकं. हिवाळ्यात बर्फ पडतं, जमीन गोठते आणि कितीतरी आठवडे शेतात काहीच करता येत नाही. घरं एकमेकांना चिकटून नाहीत, आपापल्या शेतात विखुरलेली आहेत. मधे कुरणं, ओढे, चराला सोडलेल्या गाई. नदीकाठचं सुख आणि नदीकाठचं दुःख, दोन्ही या लोकांच्या वाट्याला आलं. १९३४ च्या जुलैमध्ये दुनायेत्सच्या खोऱ्यात महापूर आला, त्यात गावंच्या गावं पाण्याखाली गेली. त्यानंतर वरच्या अंगाला रोझ्नूव इथं धरण बांधायला घेतलं. नदीजवळ राहणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकात पोलंडच्या शेजारच्या तीन बलाढ्य राज्यांनी, म्हणजे रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी, पोलंडचे लचके तोडायला सुरुवात केली. पहिली वाटणी १७७२ साली झाली. १७९५ पर्यंत नकाशावरून पोलंड हे नावच पुसलं गेलं, ते १९१८ पर्यंत. म्हणजे सव्वाशे वर्षं हा देश नव्हताच. झालिप्येचा मुलूख ऑस्ट्रियाकडे गेला. या प्रांताला गालिसिया म्हणत. पुढे १८१५ नंतर तर विस्वा नदीच सरहद्द झाली. अलीकडे ऑस्ट्रियाचा बादशहा, पलीकडे रशियाचा झार.

पण शेतकऱ्याला बादशहा कोण आहे याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्याचा खरा मालक गावचा जमीनदार. कुळांनी आठवड्यातले ठरावीक दिवस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, अशी पद्धत होती. आपण त्याला वेठ म्हणू. पुरुष राबत, बायका राबत, बैलजोडीही राबे. १८४६ च्या फेब्रुवारीत तार्नूवच्या आसपासच्या शेतकऱ्यांचा राग असा उफाळला, की त्यांनी शेकडो वाडे लुटले आणि जमीनदारांच्या घरातली सुमारे हजार माणसं मारली. पोलंडच्या इतिहासातला तो फार रक्तरंजित अध्याय आहे. दोनच वर्षांनी, १८४८ मध्ये, गालिसियातली वेठ रद्द झाली.

वेठ गेली, पण गरिबी गेली नाही. जमिनीचे तुकडे पडत गेले. बापाच्या शेताचे चार मुलांत चार भाग, नातवांत त्याचेही चार. १८८८ साली श्चेपानोव्स्की नावाच्या एका लेखकानं या प्रांतावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच 'गालिसियाचं दैन्य' असे शब्द होते. लाखो माणसं अमेरिकेला निघून गेली. काही हंगामापुरती जर्मनीत मजुरीला जात. आपल्याकडे कोकणातले चाकरमानी मुंबईला गेले किंवा बीडची माणसं ऊसतोडीला जातात, तसं. पुरुष बाहेर गेला की मागे घर, शेत, गुरं आणि म्हातारी माणसं बाईच्या अंगावर.

आता त्या बाईच्या घरात शिरू. आपली खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

घर लाकडाच्या ओंडक्यांचं, वर गवताचं छप्पर. खाली मातीची जमीन. आत एक मोठी चूल आणि तिला धुराडं नाही. धूर खोलीभर फिरून दारातून, छपरातून वाट मिळेल तसा बाहेर जायचा. अशा घराला पोलिश लोक धुरकट घर अशा अर्थाच्या नावानं ओळखत. तुमच्यापैकी ज्यांनी ओल्या लाकडांवर भाकऱ्या थापल्या आहेत, त्यांना हे घर डोळ्यांपुढे येईल. डोळे चुरचुरायचे, पोरं खोकायची आणि भिंती काळ्याकुट्ट. काजळीचा थर नुसता पुसून जात नाही, हात लावला की आणखी पसरतो.

सणावाराच्या आधी बाई काय करायची? घरात होता तेवढा चुना कालवायची आणि गवताच्या कुच्च्यानं काळ्या भिंतीवर पांढरे ठिपके, फटकारे मारायची. अख्खी भिंत पांढरी करण्याइतका चुना नाही आणि केली तरी आठ दिवसांत पुन्हा काळी. मग निदान ठिपके तरी. दुरून पाहिलं तर काळ्या आभाळात चांदण्या उमटल्यासारखे दिसत असणार. झालिप्येच्या चित्रकलेची सुरुवात ती इतकी साधी आहे. कुणी कलाकार व्हायला निघालं नव्हतं. घर स्वच्छ दिसावं, सणाला शोभा यावी एवढाच हेतू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात धुराडं असलेल्या चुली आल्या. धूर बाहेर जाऊ लागला. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टीला एक ओळही मिळत नाही, पण बाईच्या आयुष्यात ही केवढी मोठी क्रांती! डोळ्यांतलं पाणी थांबलं. भिंत पांढरी केली की पांढरी राहू लागली. आणि पांढरी भिंत समोर आल्यावर हात स्वस्थ बसेना. आधी काळ्यावर पांढरे ठिपके होते, आता पांढऱ्यावर काळे, तपकिरी, लालसर ठिपके आले. ठिपक्यांच्या पाकळ्या झाल्या, पाकळ्यांची फुलं, फुलांचे गुच्छ, गुच्छांच्या वेली. चुलीभोवती, खिडकीभोवती, छताच्या तुळयांवर फुलं आली.

रंग कुठून आणले? दुकानातून नाही, पैसा होताच कुठे. काळा रंग चुलीतल्या काजळीचा. म्हणजे ज्या काजळीनं पिढ्यान् पिढ्या जीव काढला, तीच आता फुलाचा देठ झाली. तपकिरी आणि पिवळसर रंग मातीचा, पांढरा चुन्याचा. रंग भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात दूध घालत, अंड्यातला पांढरा भाग घालत, किंवा कणकेचे गोळे उकडल्यावर उरलेलं पाणी घालत. म्हणजे खळच ती. कुंचला गाईच्या केसांचा, नाहीतर बर्चच्या झाडाची काडी दातांनी चावून तिचं टोक पिंजलेलं. आपण कडुनिंबाची काडी चावतो, अगदी तशी. पुढे पुढे बाजारातली रंगांची पूड मिळू लागली, तेव्हा निळा, हिरवा, गुलाबी असे रंग आले.

वर्षातून एकदा हे काम ठरलेलं असे. ईस्टरनंतर साठ दिवसांनी, मे-जूनच्या सुमाराला, कॅथलिक लोकांचा एक मोठा सण येतो. येशूच्या देहाचा सण असं त्याला म्हणतात. त्या दिवशी गावातून मिरवणूक निघते, वाटेत चार ठिकाणी वेदी सजवतात, लहान मुली फुलांच्या पाकळ्या उधळत चालतात. पंढरीची पालखी गावात यायची असली की आपण अंगण सारवून, सडा घालून, रांगोळ्या काढून वाट पाहतो, तशी तयारी तिथं चाले. हिवाळ्यानं आणि पावसानं विटलेली फुलं बायका पुन्हा रंगवत. मागच्या वर्षीचीच फुलं पुन्हा काढायची असा नियम नव्हता. त्यामुळे भिंत दर वर्षी नवी होई.

भिंतींबरोबर घरात आणखीही काही असे. रंगीत कागदाची कातरकामं, कागदी फुलं आणि छताला टांगलेली गवताच्या काड्यांची व कागदाची झुंबरं. या झुंबराला तिथं 'कोळी' म्हणतात, कारण ते कोळ्यासारखं छतावरून लोंबतं.

ही कला बाहेरच्या जगाला कळली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. व्लाडिस्वाव हिकेल नावाच्या एका अभ्यासकानं दोंब्रोवा तालुक्यातल्या या भिंतीवरच्या चित्रांवर १९०६ मध्ये एका लोकसंस्कृतीच्या नियतकालिकात लेख लिहिला. घरकामात जमा असलेली गोष्ट पहिल्यांदा छापील कागदावर 'लोककला' झाली. एका शिकलेल्या माणसानं पाहिली म्हणून ती नोंदली गेली. त्याआधी किती बायकांनी किती भिंती रंगवल्या, त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. दर वर्षी नव्या चुन्याखाली जुनी फुलं गेली, तशी त्या बायकांची नावंही गेली.

त्याच काळात या मुलखातला शेतकरी जागा होत होता. शेजारच्या ग्रेम्बोशूव गावच्या याकुब बोइको नावाच्या शेतकऱ्यानं शेतकऱ्यांचा पक्ष उभा करण्यात पुढाकार घेतला होता. तार्नूवजवळच्या व्येझ्होस्वावित्से गावचा विन्सेंटी वितोस हा शेतकरी तर पुढे तीनदा पोलंडचा पंतप्रधान झाला. पहिल्या महायुद्धात मात्र या भागाचे फार हाल झाले. १९१४ च्या अखेरीपासून दुनायेत्सच्या काठावर रशियन आणि ऑस्ट्रियन फौजा महिनोन् महिने समोरासमोर बसल्या होत्या. १९१५ च्या मे महिन्यात तार्नूव आणि गोर्लित्से यांच्या दरम्यान मोठी लढाई होऊन रशियन मागे हटले. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये पोलंड पुन्हा नकाशावर आला आणि त्याच महिन्यात, २८ नोव्हेंबरला, तिथल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला. ब्रिटनमध्ये तेव्हा फक्त तीस वर्षांवरच्या काही बायकांनाच मत होतं.

यानंतरचा भाग सांगायला जड आहे, पण तो गाळला तर ही गोष्ट खोटी होईल. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला आणि हा मुलूख नाझींच्या ताब्यात गेला. दोंब्रोवा तार्नोव्स्का हे गाव तेव्हा पोलिश ज्यूंच्या मोठ्या वस्तीचं. १८६५ च्या सुमाराला बांधलेलं त्यांचं भव्य प्रार्थनास्थळ आजही तिथं उभं आहे. १९४२ मध्ये नाझींनी तिथल्या ज्यूंना बेउझेत्सच्या मृत्युछावणीत पाठवलं. जे निसटले ते आसपासच्या खेड्यांत, रानांत, गवताच्या गंजीत लपले. ज्यूंना आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. तरी काहींनी जीव धोक्यात घालून आसरा दिला. आणि बऱ्याच जणांनी लपलेल्यांना पकडून दिलं. यान ग्राबोव्स्की नावाच्या इतिहासकारानं याच दोंब्रोवा तालुक्याचा कागदोपत्री अभ्यास करून २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. शेजारी शेजाऱ्याला कसा विकतो हे त्यात आहे. पोलंडमध्ये त्यावर मोठा वाद झाला.

मी हे का सांगते आहे? फुलांनी रंगवलेलं गाव पाहिलं की आपल्याला वाटतं, किती निरागस माणसं, किती शांत आयुष्य. पण कुठलाच मुलूख फक्त फुलांचा नसतो. ज्या तालुक्यात इतकी सुंदर भिंत रंगवली गेली, त्याच तालुक्यात हेही घडलं. याच मुलखात धाडसाच्याही गोष्टी घडल्या. १९४४ च्या जुलैमध्ये दुनायेत्सच्या पलीकडे, वाव-रुदा गावाजवळच्या कुरणावर, रात्रीच्या अंधारात दोस्तांचं एक विमान उतरलं. पोलिश क्रांतिकारकांनी मिळवलेले जर्मन 'व्ही-२' रॉकेटचे भाग घेऊन ते निघालं. चाकं चिखलात रुतली होती, तेव्हा माणसांनी हातांनी माती उकरून ती मोकळी केली. एकाच मातीतली ही सगळी माणसं. इतिहास वाचायचा तर दोन्ही बाजू वाचायला हव्यात.

युद्ध संपलं तेव्हा पोलंड उद्ध्वस्त होता. घराघरांत कुणी ना कुणी गेलेलं. अशा वेळी, १९४८ साली, या मुलखात रंगवलेल्या घरांची पहिली स्पर्धा झाली. आपल्याला वाटेल, पोटाला नाही तिथं स्पर्धा कसली? पण माणसाला पुन्हा उभं राहायचं असतं तेव्हा तो आधी घर आवरतो. स्पर्धेनं तेच केलं. कुंचला पुन्हा हातात आला. १९६५ पासून ही स्पर्धा दर वर्षी होते. ती त्या जूनच्या सणानंतरच्या शनिवार-रविवारी भरते आणि तार्नूवचं संग्रहालय ती भरवतं.

या काळात एक नाव मोठं झालं. फेलित्स्या त्सुरिवोवा. जन्म १९०४, मृत्यू १९७४, जन्मापासून झालिप्येचीच. त्सुरिवोवा या आडनावाची जुनी रीत अशी, की त्याचा अर्थच 'त्सुरिवोची बायको' असा होतो. पण आज पोलंडमध्ये लोक ओळखतात ते त्या बाईला. तिनं आपलं घर आतून-बाहेरून रंगवलं. खोल्या, चूल, छत, गोठा, एकही जागा सोडली नाही. पण तिचं मोठेपण तेवढंच नाही. तिनं गावातल्या इतर बायकांना गोळा केलं, तरुण मुलींना हाताशी धरलं, शहरातल्या अधिकाऱ्यांपुढे गावाची बाजू मांडली. तेव्हाच्या साम्यवादी सरकारला लोककलेचं प्रदर्शन मांडायला आवडत असे. १९४९ मध्ये त्यांनी हस्तकलेच्या सहकारी संस्थांची 'त्सेपेलिया' नावाची एक मोठी संघटना उभी केली होती. सरकारचा हेतू काही का असेना, त्यातून आपल्या गावाला काय मिळवता येईल हे या शेतकरी बाईला नेमकं कळलं.

झालिप्येची फुलं मग गावाबाहेर गेली. क्राकूवच्या 'व्येझिनेक' या नामांकित खानावळीच्या भिंतींवर गेली. 'बातोरी' नावाच्या प्रवासी जहाजावर गेली. मुंबईच्या जुन्या लोकांना हे जहाज माहीत असेल. १९५१ पासून पुढची काही वर्षं ते पोलंडच्या ग्दिन्या बंदरातून मुंबईला ये-जा करत असे.

फेलित्स्याबाई गेल्यावर तिचं घर त्सेपेलियानं विकत घेतलं आणि १९७८ पासून ते तार्नूवच्या संग्रहालयाचा भाग आहे. तिथं तिच्या हातची फुलं, भांडी, कपडे, झुंबरं जशीच्या तशी ठेवली आहेत. त्याच सुमाराला गावात 'दोम मालारेक' उभं राहिलं. मालारेक म्हणजे चित्र काढणाऱ्या बायका आणि दोम म्हणजे घर. चित्रकर्तींचं घर. तिथं बायका एकत्र बसून रंगवतात, शिकवतात, विकतात. पाहुण्यांनाही तिथं कुंचला हातात धरून पाहता येतो. घराच्या चार भिंतींत एकेकटीनं चालणाऱ्या कामाला अशी स्वतःची एक चावडी मिळाली. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. पुरुषांना चावडी, पार, देवळाचा ओटा अशा कितीतरी जागा असतात. बायकांच्या नावानं बांधलेल्या इमारती किती असतात, तुम्हीच मोजून पाहा.

आज झालिप्येत गेलात तर अख्खं गाव रंगवलेलं दिसेल अशी कल्पना करू नका. रंगवलेली घरं मोजकी आहेत आणि ती लांब लांब विखुरली आहेत. मधे साधी, विटांची, नव्या पद्धतीची घरं. पण चालता चालता एकदम फुलांची विहीर दिसते, फुलांचं खुराडं, फुलांचं कुत्र्याचं घर दिसतं. आग विझवणाऱ्या बंबाच्या इमारतीवर फुलं आहेत. गावच्या संत जोसेफ चर्चमध्येही फुलं आहेत. म्हणजे ही चित्रं चुलीजवळून निघाली, अंगणात आली, आडावर गेली, आणि शेवटी देवाच्या घरी पोचली. पन्नास-पाऊणशे वर्षांत बाईच्या हातानं केलेला हा प्रवास आहे.

आता प्रश्न राहतो तो पुढचा. लाकडाची घरं जाऊन पक्की घरं आली. चूल जाऊन गॅस आला. मुली शिकल्या, नोकरीसाठी क्राकूवला, परदेशी गेल्या. शिकाव्यातच, जावंच. आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं, की तुम्ही गावात राहा आणि आमच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून भिंती रंगवा? जी गोष्ट एके काळी सणाची तयारी होती ती आता स्पर्धेची तारीख आणि पर्यटकांचा हंगाम पाहून होते. काहींना हे खटकतं. ते म्हणतात, आता ही कला खरी राहिली नाही.

मला यात थोडं वेगळं दिसतं. धुरकट घर हे काही सुंदर घर नव्हतं. त्यात राहणाऱ्या बाईला विचारलं असतं, तर तिनं ठिपक्यांच्या आधी धुराडं मागितलं असतं. परंपरा टिकावी म्हणून कुणाला गरिबीत ठेवता येत नाही. आणि धुराडं आल्यावर, म्हणजे त्रास थोडा कमी झाल्यावर, ही कला मेली नाही, उलट बहरली, हे झालिप्येच्या इतिहासातच लिहिलं आहे. बाईचे हात जरा मोकळे झाले की ते काय करू शकतात, याचा तो पुरावा आहे. तेव्हा आजही ज्या बायका रंगवतात, त्यांनी ते नाइलाजानं न करता हौसेनं करावं, आणि त्याचा मोबदला त्यांच्याच हातात यावा, एवढं झालं तर ही कला खरी की खोटी हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा.

दुसरी एक गोष्ट. फेलित्स्याबाईचं नाव राहिलं, कारण तिचं घर राहिलं. तिच्या आईचं, आजीचं, शेजारणींचं काय? त्यांनी काढलेली फुलं चुन्याच्या थरांखाली गेली. आपल्याकडेही तेच आहे. पहाटे उठून काढलेली रांगोळी दुपारपर्यंत पायांखाली जाते. नागपंचमीला, दिवाळीला भिंतीवर काढलेली चित्रं पुढच्या सारवणात जातात. गोधडीवर नाव नसतं. ओवीखाली सही नसते. ज्या कामाची खूण उरत नाही ते काम झालंच नाही, असं जग धरून चालतं. झालिप्येत एका माणसानं १९०६ मध्ये लिहून ठेवलं म्हणून पुढचं सगळं घडायला वाट मिळाली.

म्हणून मैत्रिणींनो, आजच्या भागाच्या शेवटी तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरातली, वाडीतली एखादी म्हातारी बाई गाठा. ती भिंतीवर काय काढायची, रंग कशाचे करायची, कुणाकडून शिकली, पहिल्यांदा धुराडं किंवा गॅस घरात आला तेव्हा तिला काय वाटलं, हे विचारा. तिचं नाव, गाव आणि साल घालून ते वहीत उतरवून ठेवा. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर तिचाच आवाज टिपून ठेवा. पुढच्या सारवणाच्या आधी एवढं करा.